लिनक्सवर बिल्ड, विंडोजवर बोंब: पायथन पॅकेज सगळीकडे चालवायचं कसं

मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या लॅबमधून फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "बेन, आ तो चालतुं ज नथी." मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरूनच काम करते. 'वजनवही' नावाचं माझं छोटंसं पायथन पॅकेज आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याने लिहिलेली नोंदींची फाइल ते वाचतं आणि मराठी, गुजराती किंवा इंग्रजीत रिपोर्ट काढून देतं. मी ते लिनक्सवर लिहिते. लॅबवाले विंडोजवर चालवतात, ऑडिटला येणारे एक काका मॅक घेऊन फिरतात, आणि एका कंपनीने ते अल्पाइन या छोट्याशा लिनक्सच्या डॉकर कंटेनरमध्ये बसवलंय.

या सगळ्यांच्या तक्रारी निस्तरताना हाताला एक क्रम बसला आहे, तो इथे लिहिते. कोड उघडायच्या आधी पॅकेजची फाइल उघडायची, हा त्यातला पहिला नियम. 'माझ्याकडे चालतं, तिकडे नाही' यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ गठ्ठ्यात काय गेलं, गठ्ठ्यावर लेबल काय लागलं आणि समोरच्या मशीनने तो उचलला का, या तीन प्रश्नांत सापडतं.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमनमध्येच टाइप करायची.)

फोनवर काय विचारायचं

'एरर काय आली?' असं विचारलं की समोरून शेवटची ओळ वाचून दाखवतात, आणि तीही अर्धी. मी पूर्ण स्क्रीनचा फोटो मागवते. शिवाय दोन कमांड चालवायला सांगते. पहिली पायथनची आवृत्ती सांगणारी. दुसरी 'पिप डीबग --व्हर्बोज'. ही दुसरी फारशी कोणाला माहीत नसते, पण सोन्यासारखी आहे. त्या मशीनवरचं पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवून बसवणारं साधन, कुठकुठले टॅग स्वीकारतं याची लांबलचक यादी ती देते.

टॅग म्हणजे व्हील फाइलच्या (इन्स्टॉलसाठी तयार बांधलेल्या पॅकेजच्या) नावातले शेवटचे तीन तुकडे. नाव साधारण असं असतं: वजनवही-२.४.०-सीपी३१२-सीपी३१२-विन_एएमडी६४. पहिले दोन तुकडे पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. तिसरा पायथन कोणता, चौथा एबीआय (कंपाइल केलेला कोड पायथनशी जुळवण्याची पद्धत) कोणता, पाचवा प्लॅटफॉर्म कोणता. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेल्या पॅकेजचे हेच तीन तुकडे 'पीवाय३-नन-एनी' असे असतात, म्हणजे कुठेही चालेल असा तुमचा दावा. पिप फक्त हे तुकडे जुळवतं. जुळणारी व्हील नाही मिळाली तर ते सोर्सचा गठ्ठा, म्हणजे एसडिस्ट, उतरवतं आणि त्या मशीनवरच बिल्ड करायला बसतं.

लॅबच्या पीसीवर मग 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा वरची आवृत्ती हवी' अशी एरर येते. इंटरनेटवर याचं उत्तर मिळतं की बिल्ड टूल्स इन्स्टॉल करा. केमिस्टला काही जीबींचा कंपायलर उतरवायला लावणं हे उत्तर होऊ शकत नाही. त्या एररचा खरा अर्थ एवढाच की त्या पायथनसाठी तुम्ही व्हील दिलेली नाही. पुष्कळदा कारण साधं असतं: लॅबवाल्याने कालच आलेलं नवं पायथन टाकलेलं असतं आणि तुमच्या व्हील त्याच्या आधीच्या आवृत्तीपर्यंतच आहेत.

जुन्या पीसींची गोष्ट उलटी. वजनकाट्याशेजारचा पीसी कोणी बदलत नाही. काटा चालू आहे ना, मग झालं. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, आणि त्याचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. अशांना नवी आवृत्ती देण्याचा अट्टाहास मी करत नाही. पायप्रोजेक्ट.टॉमल या फाइलीत 'रिक्वायर्स-पायथन' नीट लिहिलं की पिप आपणहून त्या पीसीसाठी चालणारी जुनी आवृत्ती निवडतं. ही एक ओळ विसरली तर मात्र नवं पॅकेज जुन्या पायथनवर बिनदिक्कत बसतं आणि पहिल्याच इम्पोर्टला सिंटॅक्स एरर देतं. ३२ बिटचा पीसी असेल तर 'विन३२' टॅगची व्हील वेगळी लागते.

गठ्ठा उघडून बघा

व्हील ही साधी झिप फाइल असते. 'पायथन -एम झिपफाइल -एल' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की आतली यादी समोर येते. माझ्याकडे यादीत रिपोर्टचे साचे आणि फॉन्ट आहेत का, हे मी डोळ्यांनी बघते. पायथनच्या फाइली सहसा बरोबर जातात, राहतात त्या बाकीच्या.

आपल्याकडे चाचणीत हे कळत नाही, कारण आपण सोर्सच्या फोल्डरमध्ये उभे राहून चाचणी चालवतो. पायथन आधी चालू फोल्डरमध्ये शोधतं, तिथे सगळं जागेवर सापडतं, आणि इन्स्टॉल झालेल्या पॅकेजला कोणी हातही लावत नाही. यावर उपाय म्हणून पॅकेज 'एसआरसी' नावाच्या फोल्डरच्या आत ठेवायचं. मग इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्टच होत नाही आणि लबाडीला जागा उरत नाही. सेटअपटूल्स वापरत असाल तर साच्यांचे पत्ते 'पॅकेज-डेटा'मध्ये लिहा, आणि ते पुढे झुकलेल्या रेघेनेच लिहा, विंडोजची उलटी रेघ तिथे नको. कोडमध्ये साचा उघडताना फाइलीचा पत्ता हाताने जोडू नका. 'इम्पोर्टलिब.रिसोर्सेस'मधलं 'फाइल्स' हे फंक्शन पायथन ३.९ पासून त्यासाठीच आहे.

'पायथन -एम बिल्ड' एवढीच कमांड दिली तर आधी एसडिस्ट बनतं आणि त्या एसडिस्टमधून व्हील बनते. म्हणजे एसडिस्टमध्ये काही राहिलं असेल तर ते व्हीलमध्येही राहणार आणि तुम्हाला घरीच कळणार. वेळ वाचवायला थेट व्हील बनवण्याचा पर्याय आहे, तो रिलीजच्या वेळी वापरू नये असं माझं मत.

फाइलींच्या नावातलं लहान-मोठं अक्षर हा आणखी एक उंदीर. विंडोज आणि मॅक, दोघांनाही नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. पुण्यातली माझी भाची मॅकवर काम करून बदल पाठवते. "मावशी, माझ्याकडे तर सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत," म्हणते, आणि इथे लिनक्सवर रिपोर्टचा साचा सापडत नाही, कारण फाइल मोठ्या अक्षराने सुरू होते आणि कोडमध्ये लिहिलेलं तिचं नाव लहान अक्षराने. मॅकवरून असं नाव दुरुस्त करताना 'गिट एमव्ही'ने आधी तिसरंच काहीतरी नाव द्यावं, मग हवं ते. थेट बदललं तर पुष्कळदा गिटला बदल झाल्याचं कळतच नाही.

देवनागरी आणि विंडोजचं जुनं कोडपेज

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा त्रास क्वचित दिसतो आणि आपल्याला रोज.

पायथनमध्ये 'ओपन'ने टेक्स्ट फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन मशीनला विचारतं. लिनक्स आणि मॅक सांगतात यूटीएफ-८. आपल्याकडचे विंडोज पीसी सांगतात सीपी१२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या लिप्यांसाठीचं जुनं कोडपेज. तुमचा मराठी साचा मग या कोडपेजने वाचला जातो, आणि पुढे काय होईल ते साच्यात कुठली अक्षरं आहेत त्यावर ठरतं.

'वजन' हा शब्द घ्या. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराचे तीन बाइट. ते सगळे सीपी१२५२ मध्ये कुठल्या ना कुठल्या चिन्हाचे आहेत, म्हणून एरर येत नाही. रिपोर्टवर फ्रेंच वळणाच्या अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटते. आता 'गुजरात' घ्या. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१, आणि सीपी१२५२ मध्ये ८१ ही जागा रिकामी आहे. पायथन तिथेच थांबतं: 'चारमॅप कोडेक'ला हा बाइट वाचता येत नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, तीही जागा रिकामी. म्हणजे साच्यात एक जोडाक्षर आलं की प्रोग्राम कोसळला. गुजराती लिपीची युनिकोडमधली मांडणी देवनागरीला समांतर असल्याने तिथेही हलन्त आणि ऱ्हस्व उकार याच दोन बाइटांवर संपतात.

हे माहीत असलं की फोनवरच निदान होतं. एररमध्ये ८डी किंवा ८१ दिसलं की ती फाइल यूटीएफ-८ मधली आपल्या लिपीची आहे आणि वाचणाऱ्याने सीपी१२५२ धरलंय, असं धरून चालायला बहुतेक वेळा हरकत नाही.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे: टेक्स्ट फाइल उघडणाऱ्या प्रत्येक 'ओपन'मध्ये, पाथलिबच्या 'रीड_टेक्स्ट' आणि 'राइट_टेक्स्ट'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं. कुठे राहिलंय ते शोधायला पायथन ३.१० पासून '-एक्स वॉर्न_डीफॉल्ट_एन्कोडिंग' हा पर्याय आहे. तो लावून सगळ्या टेस्ट चालवल्या की राहिलेली प्रत्येक जागा इशारा देते, तीही लिनक्सवर बसल्याबसल्या. सेटअप.पीवाय ही बिल्डची जुनी फाइल अजून असेल आणि ती लांब वर्णनासाठी रीडमी वाचत असेल तर तिथेही बघा. रीडमीत मराठीची एक ओळ असली तरी विंडोजवर एसडिस्टचं इन्स्टॉल तिथेच फसतं, आणि लोक तासन् तास पॅकेजच्या कोडमध्ये शोधत बसतात. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट करायचं ठरलं आहे. पण मकरपुऱ्यात ३.१५ पोचेपर्यंत काट्यावरून बराच माल जाईल.

बाहेर लिहिण्याची बाजू निराळी. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलवर मराठी छापताना एरर येत नाही. तोच रिपोर्ट कोणी '>' लावून फाइलमध्ये वळवला की पुन्हा सीपी१२५२ आणि पुन्हा एरर. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'सिस.एसटीडीआउट.रीकॉन्फिगर' करून यूटीएफ-८ लावावं. ही सोय ३.७ पासून आहे. आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल, आणि ती उघडली जाणारच, तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. सुरुवातीची ती छोटी खूण नसेल तर डबल क्लिकने उघडताना एक्सेल आपल्या मनाने अंदाज बांधतं.

एशिया/कोलकाता सापडत नाही

नोंदींची वेळ भारतीय प्रमाणवेळेत दाखवायला पायथन ३.९ पासून 'झोनइन्फो' आहे. लिनक्स आणि मॅकवर वेळेच्या विभागांची माहिती सिस्टिमकडे असते, म्हणून ते मुकाट चालतं. विंडोजकडे ती माहिती पायथनला वाचता येईल अशा रूपात नसते. तिथे 'एशिया/कोलकाता' मागितलं की झोन सापडला नाही अशी एरर येते. 'टीझेडडेटा' हे पॅकेज जोडलं की प्रश्न मिटतो.

ते कसं जोडता याला मात्र महत्त्व आहे. पुष्कळजण सेटअप.पीवायमध्ये 'विंडोज असेल तर यादीत टीझेडडेटा घाल' अशी अट लिहितात. ती अट तपासली जाते बिल्डच्या वेळी, माझ्या लिनक्सवर. व्हीलमध्ये मग टीझेडडेटाचा उल्लेखच जात नाही आणि 'कुठेही चालेल' असं लेबल लावलेली ती व्हील विंडोजवर पोचते. अट डिपेन्डन्सीच्या, म्हणजे सोबत लागणाऱ्या पॅकेजच्या, ओळीतच लिहायची:

टीझेडडेटा; सिस_प्लॅटफॉर्म == "विन३२"

ही इन्स्टॉलच्या वेळी, समोरच्या मशीनवर तपासली जाते. इथलं 'विन३२' ६४ बिटच्या विंडोजलाही लागू होतं. व्हीलच्या टॅगमधलं 'विन३२' मात्र फक्त ३२ बिटचं. कोणी ठरवलं असेल त्याला दंडवत.

सी-चा तुकडा असेल तर

आधी स्वतःला विचारा, तो खरंच हवा का? शुद्ध पायथन असेल तर एक व्हील पुरते. सी आलं की प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी, आणि बहुधा प्रत्येक पायथनचीही वेगळी. वजनवहीत काट्याची बायनरी फाइल वाचणारा भाग सी-मध्ये आहे, कारण वर्षभराच्या नोंदी पायथनने वाचायला फार वेळ लागतो. एवढं ठोस कारण नसेल तर नादी लागू नका.

सी-मध्ये सर्वांत वाईट खोड 'लाँग'ची. ६४ बिटच्या लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटचा, ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा. कंपायलर तक्रार करत नाही, एरर येत नाही, फक्त आकडे चुकतात, आणि वजनाचे आकडे चुकणं म्हणजे लॅबमध्ये काय ते सांगायला नको. 'इंट३२_टी', 'इंट६४_टी' असे ठरलेल्या मापाचे प्रकार वापरा. पायथनच्या 'स्ट्रक्ट'मध्येही तेच. नुसतं 'एल' लिहिलं तर माप मशीनवर ठरतं; पुढे '<' लावलं की माप आणि बाइटांचा क्रम दोन्ही पक्के होतात.

लिनक्सवर आपल्या लॅपटॉपवर बनवलेली व्हील 'लिनक्स_एक्स८६_६४' टॅग घेऊन येते, आणि पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेजं ठेवण्याचं सार्वजनिक ठिकाण, ती घेतच नाही. योग्यच आहे: तुमच्या नव्या उबुंटूच्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बनलेला कोड जुन्या सर्व्हरवर उठणार नाही. यासाठी 'मेनीलिनक्स' टॅग आहेत. मेनीलिनक्स२०१४ म्हणजे सेंटओएस ७ च्या काळातलं ग्लिबसी २.१७, मेनीलिनक्स_२_२८ म्हणजे ग्लिबसी २.२८. जुन्या कंटेनरमध्ये बिल्ड करायचं आणि 'ऑडिटव्हील'ने तपासून बाहेरच्या लायब्ररी व्हीलच्या आत भरायच्या. मॅकसाठी हेच काम 'डेलोकेट' करतं, विंडोजसाठी 'डेल्व्हव्हील'. अल्पाइनवर ग्लिबसीच नाही, तिथे मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, म्हणून 'मसललिनक्स'ची व्हील वेगळी.

हे सगळं हाताने करू नका. 'सीआयबिल्डव्हील' गिटहब ॲक्शन्सवर उबुंटू, विंडोज आणि मॅक अशा तीन मशीनवर चालवा, ते सगळ्या पायथनच्या व्हील बनवतं आणि टेस्टची कमांड दिली तर प्रत्येक व्हील इन्स्टॉल करून टेस्टही चालवतं. मॅकवर दोन गोष्टी ठरवून द्या: ॲपल सिलिकॉन आणि इंटेल दोन्ही हवेत का, आणि किमान कुठली मॅकओएस. दुसरी गोष्ट 'मॅकओएसएक्स_डिप्लॉयमेंट_टार्गेट' या व्हेरिएबलने ठरते. व्हीलची संख्या हाताबाहेर जायला लागली तर एबीआय३, म्हणजे स्टेबल एबीआय, बघा: एकाच व्हीलवर पुढची कित्येक पायथन भागतात, मात्र सी-मधली काही फंक्शन सोडावी लागतात.

किरकोळ, पण फोन आणणाऱ्या

फाइलच्या नावात वेळ घालताना अपूर्णविराम टाकू नका, विंडोजला चालत नाही. 'ऑक्स' किंवा 'कॉन' नावाची फाइलही विंडोजवर बनत नाही, ती नावं राखीव आहेत. शेल स्क्रिप्ट विंडोजवरून गिटमध्ये गेली की ओळींची टोकं बदलतात आणि लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' येतं; डॉट-गिटॲट्रिब्यूट्समध्ये अशा फाइलींना 'ईओएल=एलएफ' लावा. कमांड द्यायची असेल तर 'प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स'मध्ये लिहा, विंडोजवर पिप त्याची एक्सई आपणच बनवतं. 'मल्टिप्रोसेसिंग' वापरत असाल तर मुख्य भाग 'मेन'च्या अटीखाली हवाच: विंडोजवर, आणि ३.८ पासून मॅकवरही, नवी प्रोसेस कोड पुन्हा इम्पोर्ट करते. आणि 'डिस्टयूटिल्स' कुठे इम्पोर्ट होत असेल तर काढा, पायथन ३.१२ मधून ते गेलं.

सोडण्याआधी, आणि सोडल्यावर

तयार व्हील एका कोऱ्या व्हेन्वमध्ये (पायथनच्या वेगळ्या, स्वतंत्र वातावरणात), सोर्सच्या फोल्डरबाहेर उभं राहून इन्स्टॉल करा आणि एक खरा रिपोर्ट काढा, मराठी आणि गुजराती दोन्ही. माझ्या टेस्टच्या डेटात लॅबचं नाव मुद्दाम जोडाक्षराचं आहे, आणि टेस्ट ज्या फोल्डरमध्ये चालते त्याच्या नावात एक स्पेस आहे, कारण विंडोजवर वापरणाऱ्याच्या नावात स्पेस असते आणि त्याचा फोल्डरही तसाच बनतो.

लिनक्सवर बसून विंडोजला कुठली फाइल मिळेल हे 'पिप डाउनलोड'ने बघता येतं: '--प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४', '--पायथन-व्हर्जन ३.१२' आणि '--ओन्ली-बायनरी=:ऑल:' द्या. एक सावधगिरी: डिपेन्डन्सीच्या ओळीतल्या अटी तेव्हा तुमच्याच मशीनप्रमाणे तपासल्या जातात, म्हणून टीझेडडेटा तिथे दिसलं नाही तर घाबरू नका. ती खात्री गिटहबच्या विंडोज मशीनवरच होते.

पहिल्यांदा करत असाल तर टेस्टपायपीआयवर, म्हणजे सरावाच्या पायपीआयवर, चढवून बघा. उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी रिलीज काढू नका. १४ आणि १५ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर असतं आणि बिघडलेलं पॅकेज बघायला खाली कोणी उतरत नाही.

पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल काढून टाकली तरी नाही. एखादी व्हील राहिली असेल तर ती त्याच आवृत्तीत मागाहून जोडता येते. कोड बदलायला लागत नाही. चढवलेल्या फाइलीत फक्त पॅकेजिंग बिघडलं असेल तर २.४.० नंतर '२.४.०.पोस्ट१' काढा, कोडलाच हात लावला असेल तर सरळ २.४.१. बिघडलेली आवृत्ती डिलीट न करता 'यँक' करा. मग नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला पिप ती देत नाही, पण ज्या लॅबने '== २.४.०' असं बांधून ठेवलंय तिचं काम अडत नाही. यँक करताना कारण लिहायची जागा असते. तिथे कुठल्या प्लॅटफॉर्मवर काय बिघडलं आणि कुठली आवृत्ती घ्यायची, एवढं लिहा; '== २.४.०' लिहून इन्स्टॉल करणाऱ्याला पिप ते कारण इशाऱ्यात दाखवतं.